अरं डोस्कं लाव की!

मागच्या महिन्यातली गोष्ट आहे. शनिवारची सकाळ, ग्लासगोमधला तो नेहमीचा पाऊस, म्हणजे पडतोय म्हणावं तर दिसत नाही आणि नाही म्हणावं तर जॅकेट आतून ओलं. मुलाचं फुटबॉल ट्रेनिंग होतं. तो दहा वर्षांचा. बाकीच्या आईबापांसोबत मी ॲस्ट्रोच्या, म्हणजे नकली गवताच्या मैदानाच्या, जाळीला टेकून चहाचा कप हातात धरून उभा होतो. पलीकडून कोणीतरी लांबून बॉल मारला, तो उंच गेला आणि बरोब्बर माझ्या पोराच्या डोक्यावर यायला लागला. त्याला जागचं हलायचीपण गरज नव्हती. आणि हा पठ्ठ्या काय करतो तर दोन पावलं मागं सरतो, मान वाकवतो, बॉल जमिनीवर पडू देतो आणि मग पायाने घेतो. माझ्या तोंडातून कधी निघालं मलाच कळलं नाही, जोरात ओरडलो, "अरं डोस्कं लाव की!" अख्खं मैदान शांत. मराठी तिथे कोणाला कळत नाही, पण आवाजाची जात कुठेही कळते. पोराने माझ्याकडे असं बघितलं की जमीन दुभंगावी. कोच, विशीतला एक हसरा मुलगा, ब्रेकमध्ये माझ्याकडे आला आणि फार अदबीने म्हणाला की ह्या वयात ट्रेनिंगमध्ये आम्ही हेडिंग, म्हणजे डोक्याने बॉल मारणं, घेत नाही, फेडरेशनचा नियम आहे. मी त्याला काय ओरडलो ते सांगितलंच नव्हतं. बहुतेक ओरडताना माझी मानच पुढे गेली असणार.

नियम मला माहीत नव्हता असंही नाही. 2020 पासून स्कॉटलंडमध्ये बारा वर्षांखालच्या पोरांना ट्रेनिंगमध्ये हेड मारायला शिकवत नाहीत, पेपरात वाचलं होतं. वाचलं तेव्हा पटलंही होतं. पण पटणं डोक्यात असतं आणि मी ओरडलो ते मानेतून.

आता माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर हे नुसतं बापाचं ओरडणं वाटेल. मी कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे काय हे कोल्हापूरकराला सांगायची गरज नाही आणि बाकीच्यांना सांगून खरं वाटत नाही, शाहू स्टेडियमवर दोन तालमींची (तालीम म्हणजे पेठेतलं मंडळ, त्याचीच फुटबॉल टीम) मॅच असली की बँकेतला माणूससुद्धा दुपारनंतर जागेवर सापडत नसे. मी काही मोठा प्लेयर नव्हतो. एका मंडळाच्या बी टीमला चार सीझन ष्टापर खेळलो (स्टॉपर नाही, ष्टापर, म्हणजे गोलसमोर मधोमध उभा राहणारा डिफेंडर) आणि ते पण उंची होती म्हणून. आम्हाला शिकवायला आण्णा होते. त्यांनी गांधी मैदानाच्या बाजूच्या एका झाडाला जाळीत बांधून बॉल लटकवलेला असायचा, घंटा टांगतात तसा. ष्टापरने रोज त्याला 50 हेड मारल्याशिवाय घरी जायचं नाही. डोळे मिटायचे नाहीत, मान ताठ, कपाळाचा मधला भाग, बॉल तुझ्याकडं येत न्हाई तू बॉलकडं जा. पावसाळ्यात गांधी मैदानाचं तळं होतं, तेव्हा तो बॉल पाणी पिऊन असा जड व्हायचा की कपाळाला लागल्यावर नाकाच्या शेंड्यापर्यंत झिणझिण्या यायच्या आणि तोंडात एकदम लोखंडाची चव. शिलाईचा ठसा कपाळावर उठायचा. तो ठसा घेऊन पेठेतून चालत घरी जायचं म्हणजे काय ऐट होती! रात्री डोकं दुखायचं तर आई अमृतांजन चोळायची आणि म्हणायची, उन्हानं झालंय. जुलैमध्ये.

पण बसला ना बरोबर, कपाळाच्या नेमक्या जागी, तर आवाज येतो. टक्क. त्या आवाजाची सर कशालाच नाही.

तर ग्लासगो. नोकरीनिमित्त इथे आलो त्याला चार वर्षं झाली. इथे पहिला प्रश्न नाव काय हा नसतो, सेल्टिक की रेंजर्स हा असतो, इथले दोन मोठे फुटबॉल क्लब, म्हणजे आपल्याकडे कुठल्या तालमीचा हे विचारतात तसंच, फक्त इथे त्याच्यामागे धर्म आणि आयर्लंड आणि शंभर वर्षांची भांडणं आहेत. मी कुणाचाच नाही म्हणून सुटायचा प्रयत्न करत होतो, पण आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक आजोबा राहतात ते पक्के सेल्टिकवाले, त्यांनी मला पहिल्याच हिवाळ्यात ताब्यात घेतला. मॅचला जाताना लंडन रोडवरून सेल्टिक पार्ककडे वळलं की समोर एक पुतळा येतो. उंच माणूस, अंगावर आडव्या पट्ट्यांचा शर्ट, दोन्ही हात वर आणि हातात मोठ्या कानांचा तो युरोपियन कप. बिली मॅकनील. आजोबा त्या पुतळ्यासमोर थांबतात, टोपी काढत नाहीत पण हात टोपीपर्यंत नेतात. मी विचारलं कोण हा, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं आण्णांनी बघितलं असतं जर मी शाहू महाराज कोण विचारलं असतं तर. मग म्हणाले, सेंटर हाफ. एवढंच.

सेंटर हाफ म्हणजे आपला ष्टापर. मग मला रस वाटला.

हा बिली ग्लासगोच्या शेजारचाच, बेल्सहिल नावाच्या गावचा, 1940 चा जन्म. कोळशाच्या खाणी आणि स्टीलच्या भट्ट्यांचा तो पट्टा. 1957 ला सेल्टिकमध्ये आला आणि 1975 ला रिटायर होईपर्यंत दुसऱ्या कुठल्याच प्रोफेशनल क्लबला खेळला नाही. 800 च्या आसपास मॅच. टोपणनाव सीझर. मला वाटलं रोमन सम्राट असेल, कॅप्टन होता ना, पण नाही, टीममध्ये गाडी फक्त ह्याच्याकडे होती आणि त्यावरून पोरांनी सीझर रोमेरो ह्या हॉलीवूडच्या नटाचं नाव ठेवलं असं सांगतात. हे ऐकून मला एकदम बरं वाटलं. आमच्या टीममध्ये ज्याच्याकडे लूना होती त्याला आम्ही शेठ म्हणायचो.

गंमत म्हणजे ह्याची सुरुवात अजिबात हिरोसारखी नाही. स्कॉटलंडकडून पहिली मॅच 1961 ला, कुठे तर वेम्बली, कुणाविरुद्ध तर इंग्लंड, आणि हरले 9-3. नऊ! ष्टापरच्या पदार्पणात नऊ गोल. मी असतो तर तिथूनच परत गेलो नसतो, लंडनलाच कुठेतरी वेटरची नोकरी धरली असती. क्लबमध्येपण तेच. पहिली सात वर्षं एक मोठी ट्रॉफी नाही. मग 1965 च्या सुरुवातीला जॉक स्टीन मॅनेजर म्हणून आला आणि एप्रिलमध्ये स्कॉटिश कपची फायनल लागली, डनफर्मलाइनविरुद्ध, ग्लासगोच्या हॅम्पडन स्टेडियमवर लाखाच्या वर माणूस. 2-2. शेवटची नऊएक मिनिटं राहिलेली. चार्ली गॅलाहरने कॉर्नर मारला आणि मागून हा उंच गडी आला आणि हेड. 3-2. ती क्लिप मी यूट्यूबवर किती वेळा बघितली असेल. ब्लॅक अँड व्हाइट, धुरकट, बॉल कुठे आहे ते पण नीट दिसत नाही, पण त्याची उडी दिसते. तो बॉलची वाट बघत नाही. बॉलकडे जातो. आण्णा खूश झाले असते.

आणि मग हे असं होतच राहिलं. 1967 चा मार्च, युरोपियन कपची क्वार्टर फायनल, युगोस्लाव्हियाच्या वोयवोदिनाविरुद्ध. तिकडे 1-0 हरून आलेले, इकडे 1-0 पुढे, म्हणजे दोन्ही मॅच मिळून बरोबरी, आणि अगदी शेवटचं मिनिट. परत तोच गॅलाहर, परत कॉर्नर, परत ह्याचं डोकं. दोन वर्षांनी 1969 ला रेंजर्सविरुद्ध कप फायनल, दुसऱ्याच मिनिटाला कॉर्नर आणि हेड. त्या कॉर्नरला ह्याला मार्क करायची, म्हणजे चिकटून राहून अडवायची, जबाबदारी कुणाची होती माहितीये? अॅलेक्स फर्ग्युसनची. हो तेच, च्युइंग गम चघळणारे मँचेस्टर युनायटेडचे सर. तेव्हा रेंजर्सचा स्ट्रायकर होता, माणूस सोडला, 4-0 हरले आणि रेंजर्समधले त्याचे दिवस भरले. आजोबा ही गोष्ट दर दोन महिन्यांनी सांगतात आणि दर वेळी शेवटी तितक्याच जोरात हसतात. पुढे 1978 मध्ये मॅकनील अॅबर्डीनची मॅनेजरकी सोडून सेल्टिकला परत आला तेव्हा अॅबर्डीनमध्ये त्याच्या खुर्चीवर कोण बसलं, तर हाच फर्ग्युसन.

लिस्बनचं, म्हणजे त्या युरोपियन कपच्या फायनलचं, इथे सगळ्यांना माहीत असतं. 25 मे 1967, समोर इंटर मिलान, सातव्या मिनिटाला पेनल्टीवर गोल खाल्ला, मग गेमेलने एक मारला आणि शेवटची सहा मिनिटं उरली असताना चामर्सने दुसरा. अकराच्या अकरा पोरं ग्लासगोपासून तीस मैलांच्या आत जन्मलेली. हे मी जेव्हा पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मनात हिशेब केला, तीस मैल म्हणजे आपलं कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली, निपाणी, झालं संपलं. एवढ्यातल्या अकरा पोरांनी युरोप जिंकायचा. मॅच संपल्यावर पब्लिक मैदानात घुसलं, कुणाचे शर्ट गेले, कुणाचे बूट, आणि कप घ्यायला टीम वर जाऊच शकली नाही. कॅप्टन एकटा गेला. म्हणून त्या फोटोत तो एकटाच आहे, पांढऱ्या संगमरवरासमोर कप वर धरून. ब्रिटनच्या कुठल्याही क्लबने हा कप जिंकायची पहिली वेळ. आजोबा लिस्बनला गेले नव्हते. तेव्हा ते बारा वर्षांचे. त्यांचा मोठा भाऊ मित्रांबरोबर एका छोट्या हिलमन इम्प गाडीत कोंबून गेला आणि गाडीत जागा नाही म्हणून ह्यांना ठेवून गेला. भाऊ वारून पंधरा वर्षं झाली. आजोबा अजून म्हणतात, जागा होती.

आता इथपर्यंत सगळं छान आहे.

फेब्रुवारी 2017 मध्ये, म्हणजे लिस्बनला पन्नास वर्षं व्हायच्या तीन महिने आधी, मॅकनीलच्या घरच्यांनी जाहीर केलं की त्याला डिमेन्शिया आहे आणि आता तो फारसं बोलू शकत नाही. पुतळा त्याच्या आधीच, 2015 च्या डिसेंबरमध्ये उभा राहिलेला. अख्ख्या शहराला त्या दुपारची मिनिटं पाठ, सातवं, त्रेसष्ठावं, चौऱ्याऐंशीवं, आणि ज्याच्या हातात कप होता त्याच्याकडे ती दुपार किती उरली होती कुणास ठाऊक. 22 एप्रिल 2019 ला तो गेला. त्यानंतर बरोब्बर एका आठवड्याने, 29 एप्रिलला, स्टीवी चामर्स गेला, लिस्बनमधला जिंकणारा गोल मारणारा. त्यालाही डिमेन्शियाच होता.

हे दोघं गेले त्याच्या मधल्या शनिवारी सेल्टिकची घरच्या मैदानावर मॅच होती, किल्मारनॉकशी. मॅकनीलचा नंबर पाच. त्या दिवशी पाच नंबर घालून खेळणारा डिफेंडर सिमुनोविच, त्याने 67 व्या मिनिटाला गोल मारला. सदुसष्ट. मॅच 1-0. आजोबा स्टँडमध्ये होते. म्हणतात, त्या मिनिटाला आधीच टाळ्या चालू होत्या 67 साठी आणि मग बॉल आत गेला, शेजारचा अनोळखी माणूस त्यांच्या गळ्यात पडून रडला. मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवणारा नाही पण हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. फक्त घरी येऊन ती क्लिप शोधली तेव्हा दिसलं की गोल कसा मारलाय. कॉर्नर. हेड.

आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्लासगोमधलेच मेंदूचे डॉक्टर विली स्टुअर्ट ह्यांच्या टीमचा अभ्यास आला. स्कॉटलंडचे 7,676 माजी प्रोफेशनल खेळाडू आणि त्यांच्याशी तुलना करायला तिप्पट साधी माणसं. खेळाडू मेंदूच्या झिजेच्या आजारांनी मरायचं प्रमाण साडेतीन पट निघालं. हार्टच्या आजारांनी मात्र ते सत्तरीपर्यंत कमी मेले होते, म्हणजे खेळाने एका हाताने दिलं पण. दोन वर्षांनी त्याच आकड्यांची जागेप्रमाणे फोड आली. गोलकीपरला बाकीच्या लोकांपेक्षा काही खास जास्त धोका दिसला नाही. सगळ्यात जास्त डिफेंडर्सना, पाच पट. हेडिंगमुळेच झालं असं त्या अभ्यासाने सिद्ध केलेलं नाही हे डॉक्टर लोक सांगतात, आणि मॅकनीलचं नेमकं कशामुळे झालं हे मी कोण सांगणार. पण गोलकीपर नाही आणि ष्टापर आहे म्हटल्यावर उरलेला हिशेब कुणीही करेल. 2022 पासून इथल्या मोठ्या प्रोफेशनल टीम्सनापण मॅचच्या आदल्या आणि नंतरच्या दिवशी ट्रेनिंगमध्ये हेडिंग बंद आहे. मला आधी वाटायचं ते जुने चामड्याचे बॉल भिजून जड व्हायचे म्हणून असेल, आता हलके आले. तर तेही नाही, आजचा बॉल कोरडा असताना जुन्याइतकाच वजनाला आहे, साधारण 410 ते 450 ग्रॅम, फक्त पाणी पीत नाही आणि जास्त जोरात येतो.

हे सगळं वाचल्यावर एका रात्री मी झोप येत नव्हती म्हणून माझा हिशेब मांडला. रोज 50, आठवड्याला पाच दिवस, वर्षाचे चाळीस आठवडे धरू, चार वर्षं. 40,000. मग स्वतःलाच समजावलं की अरे तो झाडाला टांगलेला बॉल, त्याला काय एवढा जोर असतो, आणि तू कुठे प्रोफेशनल होतास, बी टीम. मग किचनमध्ये जाऊन पाणी प्यायलो, तिथे कशाला आलो होतो ते दोन सेकंद आठवेना आणि जी काय टरकली! पाणीच प्यायला आलो होतो. ग्लास हातात होता.

दुसऱ्या दिवशी आण्णांना फोन लावला. आण्णा आता अठ्ठ्याहत्तरचे, पेठेतच असतात, रोज सकाळी रंकाळ्याला चक्कर. मी जरा घाबरतच विचारलं, आण्णा डोकं वगैरे दुखतं का, विसरायला होतं का. हसायला लागले. "डोस्क्यात काय हाय रं ष्टापरच्या, खराब व्हायला?" मग मी त्यांना मॅकनीलची गोष्ट सांगितली, कॉर्नर, शेवटचं मिनिट, हेड. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मार्किंग कोण करत होतं? मग मी लाडात येऊन म्हटलं, आण्णा आठवतं का, आपल्या पेठेच्या सेमीफायनलला मी पण कॉर्नरवर हेडनं गोल मारलेला. हा गोल मी गेली पंचवीस वर्षं सांगत आलोय, बायकोला सांगितलाय, पोराला दोनदा, आजोबांनापण सांगून झालाय. पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "त्यो तू न्हाई मारलास. तुझ्या कानाला लागून त्यांच्या बॅकच्या गुडघ्यावर गेला, तिथनं आत. सेम साईड धरलेली रेफरीनं." मी म्हटलं, नाही आण्णा, मला पक्कं आठवतंय, टक्क असा आवाज झालेला. म्हणाले, "कानावर बी टक्कच वाजतं." आणि मग त्यांनी त्या दिवशीची अख्खी टीम म्हणून दाखवली, अकरा नावं, बदली कोण आला, कितव्या मिनिटाला. मला त्यातली सहा आठवत होती.

पोराने परवा विचारलं, बाबा, हेडिंग हर्ट होतं का? मी त्याला 1965 ची ती धुरकट क्लिप दाखवली. खरं तर दाखवायला नको होती, म्हणजे सिगरेट ओढणारा बाप धुराची वर्तुळं काढून दाखवतो तसलाच प्रकार झाला, पण त्याने विचारलं आणि मला दुसरं उत्तर येत नव्हतं. हो लागतं, असं म्हटलं असतं तर ते खरं नव्हतं. नाही लागत, म्हटलं असतं तर तेही नव्हतं. त्याने तीनदा बघितली, मागं घेऊन घेऊन. मग म्हणाला, त्याला कुणी अडवलं का नाही? मला आधी कळेना की हा डिफेंडरबद्दल बोलतोय की आणखी कशाबद्दल. मी म्हटलं, कुणाची उंची पुरली नसेल. हे ऐकून तो खूश झाला, कारण त्याचीपण उंची वाढतेय.

ह्या शनिवारी परत गेलो होतो. मागच्या वेळचा किस्सा सगळ्यांना माहीत, एका आईने हसून विचारलं, आज ओरडणार नाही ना. मी म्हटलं, नाही नाही, शपथ. तोंड गच्च बंद ठेवायचं ठरवून जाळीला टेकून उभा राहिलो. पाऊस होताच. वीसेक मिनिटांनी कीपरने बॉल लांब मारला, तो वाऱ्यावर चढला आणि आमच्याच बाजूला खाली यायला लागला, ओला, चकचकीत, हळूहळू फिरत, अगदी जसा यायला पाहिजे तसा. खाली तिघं पोरं होती त्यात आमचंही. तिघांनी माना वर करून बघितलं आणि शिस्तीत दोन पावलं मागं सरून त्याला टप्पा घ्यायला जागा करून दिली. मी एक शब्द बोललो नाही. फक्त मान पुढे गेली, खांद्यासकट, एकदम झटक्यात, आणि कपातला सगळा चहा माझ्या बुटांवर.